आत्या आणि धुराची टाकी

रिसोडला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, टिनाचे शेड, ट्रॉलीची फाळकी, मळणीयंत्राची डागडुजी, जे येईल ते काम करतो. काही वर्षांपूर्वी वाशीम रोडवर ढाबा टाकायच्या विचारात असलेला एक माणूस दुकानात आला आणि त्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुठला तरी. लोखंडाची भलीमोठी आडवी टाकी, एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला धुराडं, आणि आत जाळीवर मांसाचे मोठाले तुकडे. सकाळी ठेवायचे, संध्याकाळी काढायचे. मांसाला जाळ लागतच नाही. नुसती ऊब आणि धूर.

"जमते का असं बनवाले?" त्यानं विचारलं.

"काहून नाही जमत? लोखंडच हाय न," मी म्हणालो. "पाठवून ठेवा व्हिडिओ."

त्यानं व्हिडिओ पाठवला आणि तो पुन्हा काही आला नाही. ढाब्याचा बेतच मोडला, असं मागाहून कळलं. मी तो विषय सोडून दिला असता. पण त्या संध्याकाळी रिठदला घरी आलो, तर आत्या ओसरीवर जेवत बसली होती, आणि गंमत म्हणून मी तिला तो व्हिडिओ दाखवला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि मग इथलीच झाली. आई-वडील मजुरीला जायचे, म्हणून मला आणि माझ्या भावंडांना खरं तर तिनंच वाढवलं. आमचं जेवण झाल्यावर उरलेल्या वेळात तीही निंदणाला, कापूस वेचायला जायची. आता ती पंचाहत्तरीला आली आहे. दात गेलेत, ऐकू मात्र सगळं येतं.

तिनं घास हातातच ठेवून व्हिडिओ पाहिला. संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लाव."

मी लावला. तिसऱ्यांदाही लावला. मग ती म्हणाली, "हे त चान्याचंच काम हाय बाबू. याहीनं लोखंडात केलं, आमी कुडाच्या घरात करत होतो."

माझी बायको वाशीम शहरात वाढलेली. तिनं विचारलं, "चान्या म्हणजे काय?"

मी उठून हात धुवायला गेलो. आत्याच सांगत राहिली. मांस स्वस्तात मिळालं की एकदम जास्तीचा वाटा आणायचा. त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ-हळद लावायची, दोन-तीन दिवस दोरीवर उन्हात वाळवायच्या. मग चुलीच्या वर, छपराखाली, ती दोरी बांधून टाकायची. रोजच्या स्वैपाकाचा धूर लागून लागून पट्ट्या काळ्या-कडक होतात आणि टिकतात. पावसाळ्यात, झडीत, कामं बंद पडली की चार चान्या विस्तवावर भाजायच्या, ठेचायच्या, कांदा-तिखट घालून कालवण करायचं. "घरात काई नसलं तरी चान्या राहेत," आत्या म्हणाली.

मी मोरीपाशी उभा राहून हे ऐकत होतो. तो शब्द आमच्या घरात कित्येक वर्षांनी उच्चारला गेला होता, आणि तो ऐकून मी उठून का गेलो हे फक्त मलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज संध्याकाळी विचारायची, "आला का तो ढाबेवाला?" मी नाही म्हणायचो. असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर एकदा म्हणाली, "नसन येत त नसन येत. तू बनव. मी हाय न सांगाले."

"आत्या, आपल्याले कायले पायजे एवढं मोठं? कोण खाईन?"

"खाणारे मस्त भेटते. तू बनव."

तिनं माझ्याजवळ कधी काही मागितलेलं नव्हतं. लुगडं आणलं तरी कशाला आणलं म्हणायची. त्यामुळं ती मागते आहे हेच मला पहिल्यांदा नीट उमगेना. उमगलं तेव्हा मी कामाला लागलो.

सुरुवात चुकीची झाली. दुकानात एक जाड पत्र्याचं पिंप पडून होतं. ते आडवं कापायचं, बिजागऱ्या लावायच्या, झालं, असा माझा हिशेब. आत्या म्हणाली, आधी मले दाखव. जीपनं तिला रिसोडला आणलं. ती पिंपापाशी वाकली, तोंड आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"काय होतं याच्यात?"

लेबल निघून गेलं होतं, पण मला माहीत होतं. "तणनाशक असन. धुऊन, जाळून घेतो न मी."

"लोखंड पेते बाबू. धुतल्यानं जात नाई." एवढं बोलून ती खुर्चीवर जाऊन बसली. पिंपाचा विषय तिच्या दृष्टीनं संपला होता.

तीस वर्षं मी लोखंडाचं काम करतोय. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडला की त्याच्या धुरानं रात्रभर हीव भरतं हे मी भोगलेलं आहे. तरी विषाच्या पिंपात मांस शिजवायला निघालो होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग मी भंगारवाल्या चाचांकडे गेलो. रिसोडला त्यांचा मोठा वाडगा, म्हणजे भंगारानं भरलेलं कुंपणाचं आवार, आहे. माझं दुकान सुरू झालं तेव्हापासून जुनं लोखंड मी त्यांच्याकडूनच आणतो. त्यांच्याकडे पाण्याच्या जुन्या टँकरची एक लहान टाकी होती, बाजेएवढी लांब, काळ्या जाड पत्र्याची. आत्यानं तिथंही यायचा हट्ट धरला. टाकीच्या तोंडाशी पुन्हा नाक लावलं.

चाचा हसू दाबत म्हणाले, "आपा, पाणीच होतं याच्यात. मी खुद पेलो."

"मंग चालते," आत्या म्हणाली.

टाकी दुकानात आली आणि पुढचे दोन महिने, हातातली कामं सांभाळून, आम्ही ती करत राहिलो. आम्ही म्हणतो, कारण आत्या आठवड्यातून दोनदा तरी जीपनं यायची. मी ग्राइंडरनं गंज काढायचो, ती नारळाच्या काथ्यानं पत्रा घासायची. मी टाकी आडवी कापून वरच्या अर्ध्या भागाचं झाकण केलं. ते इतकं जड झालं की एकट्यानं उचलवेना, तेव्हा मागच्या बाजूला तोलासाठी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा जोडला. आत जाळी कशाची टाकायची हा प्रश्न होता. मळणीयंत्राची एक जुनी चाळणी पडली होती, भोकं पडलेल्या जाड पत्र्याची. तीच मापात कापून बसवली. चूल बाजूला, टाकीपेक्षा वीतभर खाली, जोडली. धुराड्याला बोअरच्या केसिंगचा लोखंडी पाइप घेतला.

एकदा तिनं माझी काळी काच मागितली आणि मी जोड देत असताना त्यातून पाहिलं. काच खाली करून म्हणाली, "दिवसभर हेच पाह्यतं तू? डोये जातीन न बाबू." जीपमध्ये बसताना तिनं माझ्या डोळ्यांकडे दोनदा निरखून पाहिलं.

आमचं खरं भांडण झालं ते धुराड्यावरून. व्हिडिओत ते टाकीच्या अगदी माथ्यावर होतं. धूर वर जातो, तेव्हा त्याला वरूनच वाट द्यायची, हे शाळेतलं पोरही सांगेल. आत्या म्हणाली, नाही. मांस जिथं ठेवशील त्याच उंचीवर भोक पाड.

"आत्या, धूर खालून कसा जाईन?"

"जाते. मागून येणारा धूर त्याले लोटते. आमच्या घरात माथ्यावर कुठं भोक होतं? वळचणीखालून जाये. वरतून वाट देली त आल्या आल्या पळून जाईन. धुराले पळू देऊ नको, बसू दे."

मी ऐकलं नाही. लोखंडाचं काम माझं, असं काहीसं बोलूनही गेलो. मी माथ्यावर भोक पाडून पाइप उभा जोडला, आणि काम देखणं दिसावं म्हणून सगळ्या टाकीला बाहेरून लाल प्रायमरचा हात मारला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टाकी रिठदला आली, घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवली. पहिल्या रविवारी दोन कोंबड्या घातल्या. बाभळीची लाकडं होती, पण पुरती वाळलेली नव्हती. तास-दीड तासात प्रायमर जळायला लागला आणि त्याचा वास गल्लीभर गेला. धुराड्यातून धूर सोसाट्यानं वर चालला होता. शेजारी म्हणाले, काय इंजिन आणलं काय? दुपारी झाकण उघडलं. कोंबड्या बाहेरून काळ्याठिक्कर आणि हाडापाशी लाल. चवीला कडू. बायकोनं एक घास खाल्ला आणि पाणी प्यायली. आत्यानं जिभेला लावून थुंकून टाकलं.

मी वाट पाहत होतो की आता ती म्हणेल, सांगितलं होतं न. ती म्हणाली नाही. संध्याकाळी चहा पिताना नुसतं विचारलं, "ते भोक बुजवता येते का?"

येतं. लोखंडाचं तेवढं बरं आहे. पुढच्या आठवड्यात मी गॅस कटरनं पाइप काढला, माथ्यावर पत्र्याचं ठिगळ लावलं, आणि जाळीच्या उंचीवर, चुलीच्या विरुद्ध टोकाला, नवं भोक पाडून तिथं पाइप वळवून जोडला. प्रायमर घासून काढला. टाकी तीन वेळा रिकामीच तापवली, आणि शेवटी आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला. लाकडाचं आत्यानं स्वतःकडे घेतलं. कडुनिंब नको, कडू होते. कपाशीच्या पऱ्हाट्या तर मुळीच नको, त्यांच्यावर हंगामभर फवारे बसलेले असतात. निखाऱ्याला मागच्या सालची वाळलेली बाभूळ, आणि धुरासाठी बोरीची लाकडं. बोरीचा धूर गोड असतो, असं ती म्हणाली. धुराला चव असते हे मी तिच्याकडूनच शिकलो.

दुसऱ्यांदा चूल पेटवली तीही रविवारीच, सकाळी सातच्या सुमाराला. या वेळी चाचांना बोलावलं होतं. ते दुपारी येणार होते, पण मटण त्यांनी सकाळीच त्यांच्या पद्धतीचं, त्यांच्या कसायाकडून पाठवून दिलं. म्हणजे एकाच जाळीवरचं सगळ्यांना खाता येईल. बकऱ्याच्या दोन अख्ख्या रानी, म्हणजे मागच्या मांड्या, होत्या. आत्यानं त्यांना मागच्या वेळेसारखं घाईघाईनं नाही, सावकाश, हात फिरवत मीठ चोळलं. झाकण लावलं. आणि मग आम्ही दोघं चुलीपाशी बसून राहिलो, कारण त्यात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दर पाऊण तासानं एक लाकूड सारायचं. बाकी बसायचं.

इतका वेळ मी आणि आत्या असं नुसतं बसलोय, हे माझ्या आठवणीत नाही. ती सतत कामात असायची, मग मी कामात असायला लागलो.

नऊ-दहाच्या सुमाराला धूर बदलला. पांढरा दाट होता तो विरळ, निळसर झाला आणि खालच्या पाइपातून संथपणे निघायला लागला. वास अंगणात पसरला. त्या वासानं मला एकदम आमचं जुनं घर आठवलं, आणि मी ठरवलेलं नसताना बोलून गेलो.

"आत्या, एक सांगू का? मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट हाय."

मी सांगितलं. माझ्या वर्गातला गावातला एक मुलगा वही न्यायला आमच्या घरी येणार होता. आमच्या वस्तीत तो पहिल्यांदाच येणार होता. घरात मी एकटा होतो. चुलीवर चान्यांची दोरी होती, नुकत्याच भरलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ती दिसायला लागली. म्हणजे रोजच दिसायची, पण त्या दिवशी मी त्याच्या डोळ्यांनी पाहायला लागलो. वासही यायला लागला. मी पालथ्या पाटीवर चढलो, विळ्यानं दोरी कापली आणि सगळ्या चान्या मागच्या नालीपलीकडे फेकून आलो. कुत्र्यांनी फडशा पाडला. तो मुलगा आला, दारातूनच वही घेतली आणि गेला. घरात त्यानं पाऊलही टाकलं नाही. संध्याकाळी आत्यानं विचारलं, चान्या कुठं गेल्या? मी म्हणालो, कुत्रे शिरले होते.

आत्या चुलीतलं लाकूड सरकवत होती. ते नीट सरकवून झाल्यावर म्हणाली, "मले मालूम होतं."

"कसं काय?"

"दोरी कापेल होती न. कुत्रा दोरी कापते का?"

चाळीसच्या आसपास वर्षं मी जे एकटा वागवत होतो, ते तिला त्याच संध्याकाळी कळलेलं होतं.

"मंग बोलली काहून नाही? मारलं काहून नाही?"

तिनं पदरानं डोळे पुसले. धुरानं पाणी येत होतं, का कशानं, ते मला सांगता येणार नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो.

तिचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. सासर वाशीमच्या पलीकडं. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं, आणि त्या मांसाला घरात जागा राहिली नव्हती. पण विकत आणलेलं मांस वाळवायची सवय आजीनं ठेवली होती. आजोबा म्हणायचे, हेही सोड आता. आजी म्हणायची, ओढायचं सोडलं, पावसाळा कुठं सुटला? लग्नानंतर आत्या सासरी निघाली तेव्हा आजीनं तिच्या गठुड्यात चान्यांची एक पुरचुंडी बांधून दिली. पहिला पावसाळा आहे, सासरी मागायला लाज वाटेल, जवळ असू दे म्हणून.

"एस्टीत बसलो. गर्दी होती. बाजूची बाई नाकाले पदर लावून इकडं तिकडं पाहे. मंग म्हणे, कायचा वास येऊन राह्यला वो? कोणाच्या सामानात हाय? सगळे पाहाले लागले. नवरा बाजूले बसेल, त्याचंबी तोंड उतरलं. म्या गठुडं मांडीखाली घेतलं." ती थांबली. "वाशीमले गाडी बदलाची होती. स्टँडच्या मांगं गेली आन् फेकून देली म्या पुरचुंडी. मायनं बांधेल गाठबी सोडली नाई."

"मग?"

"मंग काय. त्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. सासू मोजून भाकर दे. मले मायची लय आठवण ये. पुढं माहेरी आली तवा मायनं इचारलं, पुरल्या का व चान्या? म्या म्हटलं, पुरल्या. लय कामी पडल्या."

चुलीत लाकूड तडतडलं. तिनं ते आत सारलं.

"त्या दिवशी तुही कापेल दोरी पाह्यली," ती म्हणाली, "तवा तुले काय म्हणू मी? कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी विचारलं, "त्या सालच्या पावसाळ्यात आपण काय खाल्लं मग?"

"अंबाडी खाल्ली, रानातला तरोटा खाल्ला. तुले आठवत नाई, कारण तुही भाकर कमी नव्हती केली कोणं." आणि मग, जराशानं, "मेलं नाई कोणी. जाऊ दे."

तिनं जाऊ दे म्हटल्यानं ते गेलं असं मी म्हणणार नाही. त्या पावसाळ्यात माझ्या भाकरीतलं कोणाचं कमी झालं असेल हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून पडतो. पण मोकळं वाटलं हेही खरं. आपली लाज आपणच शोधून काढली असं मी समजत होतो. ती आमच्याकडे माझ्याआधीपासूनच होती, आणि जिनं मला दटावायला हवं होतं तिच्याही पदरात होती.

दुपारी तीनच्या सुमाराला चाचा आले. शेजारची चार घरं जमली. झाकण उघडलं तेव्हा रानी गडद तांबूस झाल्या होत्या, आणि चिमट्यानं हाड ओढलं तर ते मांसातून सुटून हातात आलं. खाताना बोलायला सवड नव्हती. चाचांनी दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं आणि म्हणाले, "आपा, तुम्ही दुकान टाका."

"आता या वयात?" आत्या म्हणाली. तिला दात नाहीत. मी तिला बारीक धागे काढून दिले. तिनं ते बराच वेळ तोंडात घोळवले. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. आणि पुन्हा हात पुढं केला.

त्यानंतर टाकी घरामागंच आहे. सणावाराला पेटते, लग्नाकार्याला कोणी मागितली तर ट्रॉलीत घालून पाठवतो, सोबत वाळलेली बोरीची लाकडंही देतो. माथ्यावरचं ठिगळ पाहून लोक विचारतात, हे काय? मी खरं ते सांगतो, की तिथं माझी चूक बुजवलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात बायको आपण होऊन आत्याला म्हणाली, "मला चान्या काढायला शिकवा." आत्याचे हात आता थरथरतात, त्यामुळं विळीवर बायको बसली आणि आत्या तिच्याजवळ बाजेवर. पट्टी काढताना मांस नुसतं कापायचं नसतं. तुकडा फिरवत फिरवत, कापड उलगडावं तसा उलगडायचा असतो. बायकोच्या पहिल्या तीन पट्ट्या मध्येच तुटल्या.

"घाई करू नको," आत्या म्हणाली. "विळी जागीच राहू दे. मांस फिरव."

चौथी पट्टी हातभर लांब, अखंड निघाली. आत्यानं ती दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरली, कुठं जाड राहिली आहे का ते पाहिलं, आणि मला मीठ आणायला सांगितलं.